वर चढा, असं सांगणारी पाटी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, बिग थॉम्पसन नदीच्या दरीतून एस्टेस पार्ककडे जाताना रस्त्याच्या कडेला अधूनमधून एक पाटी दिसते. उतार चढणारा माणूस आणि एक ओळ : अचानक पूर आला तर वर चढा. कोलोरॅडोत राहायला आले त्या पहिल्या उन्हाळ्यात ही पाटी पाहिली आणि मला माझं माहेर आठवलं. महाड तालुक्यातली, डोंगराला पाठ टेकून बसलेली वाडी. तिथे अशी पाटी मी कधी पाहिली नव्हती.

या पाटीमागे ३१ जुलै १९७६ ची रात्र आहे. दुसऱ्या दिवशी कोलोरॅडो राज्याला शंभर वर्षं पुरी होणार होती, शनिवार होता, दरी पर्यटकांनी भरलेली होती. संध्याकाळी दरीच्या वरच्या अंगाला ढग आले आणि जागचे हललेच नाहीत. काही तासांत बारा इंच पाऊस पडला. १४४ माणसं गेली. कित्येक जण गाडीत बसून खालच्या दिशेने पळायला निघाले होते, आणि त्याच रस्त्याने पाणी त्यांच्या मागून आलं. गाडी तिथेच टाकून जे कड्यावर चढले, ते वाचले. त्या रात्रीतून कळलेली गोष्ट एका ओळीत लिहून दरीत लावून ठेवली आहे. पन्नास वर्षांनंतरही ती तिथे उभी आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबला. आमच्या दहावीच्या ग्रुपवर तेव्हा दोन वाक्यं फिरत होती. पहिलं : माणसांनी अशा ठिकाणी राहायचंच कशाला? दुसरं : बाहेरच्या देशांत असं होतं का, तिथल्या यंत्रणा बघा. हे दुसरं वाक्य लिहून मला विचारलं होतं, ‘तूच सांग.’ पुढे केरळात वायनाडला दरडी कोसळल्या त्या वेळी पुन्हा विचारलं. मी दोन्ही वेळा दोन ओळी लिहून थांबले. आज नीट सांगते.

असं इथेही होतं. २०१३ साली गणेश चतुर्थी ९ सप्टेंबरला होती. आम्ही घरी गणपती बसवला आणि त्याच दिवशी पाऊस सुरू झाला. इकडे सप्टेंबरात पाऊस म्हणजे तासाभराची सर. हा थांबेना. १२ तारखेच्या एका दिवसात बोल्डर या गावाला नऊ इंच पडला, आठवडाभरात सतरा. तिथे वर्षभराचा पाऊस वीस इंचांच्या आसपास असतो. महाड-पोलादपूरच्या माणसाला नऊ इंचांचं काही वाटणार नाही, जुलैत तेवढा पडतोच. पण इथल्या डोंगरांना त्याची सवय नाही. त्या चार-पाच दिवसांत रॉकी पर्वताच्या या पूर्व बाजूला अकराशेहून अधिक ठिकाणी दगडमातीचे लोट खाली आले. रात्री डोंगराकडून गडगडाट ऐकू येत होता आणि तो ढगांचा नव्हता. मी उठून बसले. हा आवाज मला ठाऊक होता. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण या गावांवर दरडी आल्या, त्या रात्री माझ्या आईने तो ऐकला होता आणि नंतर अनेकदा मला वर्णन करून सांगितला होता.

दुसरा प्रसंग ३० डिसेंबर २०२१ चा. बोल्डरजवळच्या लुईव्हिल आणि सुपीरियर या गावांत दुपारी वणवा शिरला. ऐन हिवाळ्यात. वसंतात भरपूर पाऊस होऊन गवत माजलं होतं, मग सहा महिने कोरडे गेले, आणि त्या दिवशी डोंगरावरून ताशी दीडशे किलोमीटरच्या वर वारा सुटला. काही तासांत एक हजाराहून जास्त घरं जळाली. ही जंगलातली घरं नव्हती. शाळा, दुकानं, फुटपाथ असलेल्या सरळसोट वसाहती होत्या. माझी एक मैत्रीण मुलांना आणि पासपोर्टांना घेऊन निघाली. कुकरची शिट्टी झालेली होती, गॅस बंद केला की नाही हे तिला आजही आठवत नाही. तिच्या फोनवर कुठलाही इशारा आला नव्हता. शेजारच्या आजोबांनी दार बडवलं म्हणून ती निघाली. अमेरिकेच्या एका सधन, सुशिक्षित जिल्ह्यात, उपग्रहांच्या काळात, दार बडवणारा शेजारी हीच अनेकांची यंत्रणा ठरली. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. राखेवर.

तेव्हा ‘तिकडे असं होत नाही’ हे वाक्य आपण सोडून देऊ या. आणि ‘राहायचंच कशाला’ या वाक्याकडे बघू. ते मला जास्त लागतं.

इथे डोंगरात घर बांधणारा माणूस बहुतेकदा स्वतःहून तिथे गेलेला असतो. पाईनची झाडं, समोर बर्फाची शिखरं, सकाळी अंगणात हरणं. त्याला धोका माहीत असतो, विमा असतो, आणि घर जळालं तर कुणी त्याला ‘तिथे गेलातच कशाला’ असं तोंडावर विचारत नाही. इर्शाळवाडीच्या ठाकर आदिवासींना निवड कधी होती? गावाला रस्ता नव्हता, वर पायी चढून जावं लागायचं. शेती तिथे, देव तिथे, वाडवडलांची जागा तिथे. खाली उतरायचं म्हटलं तर खालची जमीन कुणाच्या ना कुणाच्या नावावर. ज्याला जाण्यासाठी दुसरी जागाच नाही, त्याला हा प्रश्न विचारणं मला निर्दयपणाचं वाटतं, आणि तो ग्रुपवर चांगल्या मनाची माणसं विचारतात याचं जास्त वाईट वाटतं.

इर्शाळवाडीनंतर विधानसभेत सांगितलं गेलं की हे गाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं. हे ऐकून सुन्न झाले. माळीणने ३० जुलै २०१४ ला दीडशे माणसं गमावली, तळियेने २२ जुलै २०२१ ला ऐंशीहून जास्त, आणि तरी याद्या अशा आहेत की पुढचं गाव त्यांत सापडत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडींचा धोका दाखवणारे नकाशे केले आहेत, हे मोठं काम आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ते एकास पन्नास हजार या प्रमाणात आहेत. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यात पेन्सिलीच्या टोकाखाली झाकली जाते. नेमका कुठला उतार भिजून सुटेल, हे त्यावरून वाडीतल्या माणसाला कसं कळणार? आणि तो नकाशा वाडीत पोहोचतो तरी का?

कोलोरॅडोकडून घ्यायचं ते नेमकं याच बाबतीत आहे असं मला मनापासून वाटतं. बोल्डर गावातून वाहणाऱ्या ओढ्याच्या काठी एक खांब उभा आहे. गिल्बर्ट व्हाईट या भूगोलतज्ज्ञाच्या स्मरणार्थ तो उभारला आहे. पूर हा देवाचा, पण पुराने होणारं नुकसान बहुतांशी माणसाचं, असं या माणसाने १९४० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं, आणि पुढे आपत्तींच्या अभ्यासाचं केंद्र बोल्डरच्या विद्यापीठात सुरू केलं. खांबावर खुणा आहेत : पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर इथपर्यंत, शंभर वर्षांतला इथपर्यंत, पाचशे वर्षांतला इथपर्यंत. शाळेतली मुलं त्याच्याजवळ उभी राहून आपली उंची मोजतात. माझ्या मुलीनेही मोजली. पाचशेची खूण तिच्या डोक्याच्या खूप वर गेली, आणि घरी येताना तिने विचारलं, ‘आई, आपलं घर कुठल्या खुणेवर आहे?’ सात वर्षांच्या मुलीला पडलेला हा प्रश्न मला कुठल्याही अहवालाइतका मोलाचा वाटतो.

आपल्याकडेही निळी आणि लाल पूररेषा आहे. निळी पंचवीस वर्षांच्या पुराची, लाल शंभर वर्षांच्या. पण सामान्य माणसाला ती भेटते कधी, तर बांधकामाची परवानगी अडते तेव्हा. चिपळूणमध्ये २०२१ च्या पुरानंतर या रेषांवरून केवढा असंतोष झाला! लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या रेषेची ओळखच नोटिशीतून होते, तिला माणूस शत्रू समजणारच.

इथल्या व्यवस्थेतही एक कठोर बाजू आहे आणि ती लपवून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०१३ च्या पुरात लायन्स नावाचं छोटं गाव वेढलं गेलं. नदीकाठची बरीच घरं नंतर सरकारी पैशाने विकत घेतली गेली आणि तिथे पुन्हा घर बांधायचं नाही असं ठरलं. नदीला तिची जागा परत मिळाली, हे मी चांगलंच मानते. पण त्या काठावर कमी भाड्यात राहणारे लोकही होते. त्यांच्यासाठी गावातल्या बागेच्या एका भागात परवडणारी घरं बांधायचा प्रस्ताव २०१५ मध्ये मतदानाला आला आणि गावाने तो फेटाळला. कित्येक जण गाव सोडून गेले. लुईव्हिलच्या वणव्यानंतरही कित्येकांचा विमा अपुरा निघाला. धोक्याची किंमत बाजाराने ठरवली की ती भरू न शकणारा गुपचूप निघून जातो. आपल्याकडे पुनर्वसन उशिरा होतं, अर्धवट होतं, पण ‘वाडी वाडीसारखी एकत्रच वसली पाहिजे’ ही मागणी तरी आपण सोडलेली नाही. तिला घट्ट धरून राहिलं पाहिजे.

आता पश्चिम घाटाबद्दल. घाटाचं पर्यावरण कसं राखायचं हे सांगणारा अहवाल माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये दिला. तो लोकांसमोर यायला २०१२ उजाडलं, तेही माहितीच्या अधिकारात लढल्यावर. मग त्याच कामासाठी कस्तुरीरंगन समिती, मग घाटातलं संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या सरकारी अधिसूचनेच्या मसुद्यांवर मसुदे. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, वायनाडच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्राचं सतरा हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र आहे. ‘आता घराला वीटसुद्धा लावता येणार नाही’ असं मला गावाकडून भीतीने सांगितलं गेलं. हे खरं नाही. पण खरं काय ते त्यांना समजेल अशा मराठीत, त्यांच्या गावात बसून कुणी सांगितलं? ग्रामसभांनी चर्चा करून आपापल्या भागाचं ठरवावं, हा गाडगीळांच्या अहवालाचा गाभा होता. तोच भाग वादात सर्वांत आधी हरवला. राहिलं ते ‘विकास की पर्यावरण’. डोंगर कापून रस्ता नेणाऱ्याला हा वाद सोयीचा आहे. पायथ्याशी झोपणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही.

मागच्या खेपेला मे महिन्यात माहेरी गेले होते. वाडीच्या वरच्या अंगाला, शाळेमागे, काका मला घेऊन गेले. जमिनीला भेग होती, पाऊल आडवं मावेल एवढी.

‘काका, ही कधीची?’

‘दोन हजार पाचच्या पावसानंतरची, बाय. पऱ्या आधी तिकडनं जायचा. त्या साली हिकडं वळला. तवापासनं वरचं पाणी हितंच मुरतं.’

काकांना सगळं माहीत होतं. पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी कुठून वळलं, कुठला बांध फुगला, कुठल्या साली आंब्याचं झाड कललं. हे कुठल्याही नकाशात नाही आणि त्यांना कुणी विचारलेलंही नाही. आम्ही दोघांनी टेप धरून भेग मोजली. दोन्ही काठांना खुंट्या ठोकल्या, भिंतीवर खडूने आकडा आणि तारीख लिहिली.

यंदा १ मेच्या ग्रामसभेत काकांनी तो आकडा वाचून दाखवला आणि वर्षात तीन बोटं वाढ झाल्याचं सांगितलं. वरच्या अंगाची पाहणी करावी आणि तोवर पावसाच्या रात्री वरच्या नऊ घरांनी कुठे झोपायचं ते ठरवावं, असा ठराव झाला. पाहणीला अजून कुणी आलेलं नाही. झोपायची जागा मात्र ठरली, खालच्या अंगाचं देवळाचं सभागृह. परवा फोन केला तेव्हा काका तिथे सतरंज्या नेऊन ठेवत होते.