जंगलाच्या आडोशाला हवा शांत नसते

"वावर जंगलाला लागून असेल तर वाऱ्याची फिकीर नको. झाडं वारा अडवतात, जंगलावर हवा संथच असते. फवारा मारा, ड्रोन उडवा." कपाशीच्या हंगामात हा मेसेज गावोगाव फिरतोय. तो चूक आहे आणि जिवावर बेतणारा आहे.

झाडं वारा अडवतात, हे खरं. पण अडलेला वारा उसळतो. सागाच्या शेंड्याखाली वारा मंद, वर जोरात; दोन्ही थर घासतात तिथे भोवरे उठतात. १५ मीटर उंच सागवान धरा. जमिनीपासून ३० मीटरवर वाऱ्याचे हेलकावे, म्हणजे वेगातला चढ-उतार, सरासरी वेगाच्या साधारण ३५ ते ४० टक्के भरतात. मोकळ्या वावरावर त्याच उंचीला १५ टक्क्यांच्या आसपास. ड्रोनचा तोल जातो तो या हेलकाव्यांनी.

"शेंड्याच्या थोडं वर गेलं की साफ वारा." नाही. झाडांचा असर त्यांच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट वर पोचतो, म्हणजे इथे ३० ते ४५ मीटर.

"धुऱ्यावर पान हलत नाही, म्हणजे वारा नाही." सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. भोवरे सलग येत नाहीत. बराच वेळ सामसूम, मग वरची वेगवान हवा झोताने खाली घुसते. वारा जंगलाकडून येत असेल तर सागाकडे बघा: पानं एकाएकी उलटतात, फिकी पाठ दिसते आणि काही सेकंदांत झोत कपाशीवर येतो. दाट झाडीच्या आडोशाला वारा उलटाही फिरतो, त्यामुळे 'वाऱ्याकडे पाठ करून फवारा' हा नियमही फसतो आणि औषध तोंडावर येतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. कारणं अनेक होती, पण तोंडावर येणारं औषध हलक्यात घेऊ नका.

"मग भल्या पहाटे फवारा, तेव्हा हवा मेलेली असते." निरभ्र रात्रीनंतर गार हवा जमिनीला चिकटून बसते. बारीक थेंब वरही जात नाहीत, पिकावरही बसत नाहीत. तरंगत शेजारच्या वावरात जातात. थोडा पालापाचोळा पेटवून बघा. धूर वर न चढता आडवा पसरला तर ऊन चढेपर्यंत थांबा.

"जंगल बारमाही सारखंच." मार्च-एप्रिलमध्ये साग बोडका होतो, वारा आतपर्यंत घुसतो. पावसाळ्यातला अंदाज तेव्हा लावू नका.

धुऱ्यावर बांबू रोवा. एक रिबीन कपाशीच्या उंचीला, दुसरी बांबूच्या शेंड्याला बांधा आणि सलग १० मिनिटं बघा. एक नजर टाकून भागत नाही. खालची रिबीन एकदा जरी ताणून आडवी झाली, तर पंप खाली ठेवा.