युरोपात एआयवर बंदी? तो मेसेज चुकीचा आहे

"युरोपात एआयवर बंदी, चॅटजीपीटी वापरलं तर साडेतीन कोटी युरो दंड" असा मेसेज दोन दिवस फिरतोय, आमच्या फॅमिली ग्रुपवर पण आला आणि जर्मनीत शिकणाऱ्या भाच्याची आई जाम घाबरली, म्हणून मी बसून ज्या कायद्यावरून हा मेसेज निघालाय त्या युरोपियन युनियनच्या एआय कायद्याची (एआय ॲक्ट) कलमंच वाचली.

कायदा खरा आहे, १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालाय. पण सरसकट बंदी नाहीये, एआय कशासाठी वापरताय आणि त्यातून माणसाचं किती नुकसान होऊ शकतं त्यावर नियम ठरतात. बंदी फक्त कलम ५ मधल्या गोष्टींवर, उदाहरणार्थ लोकांच्या वागणुकीला मार्क देऊन त्यांना त्रास होईल अशी वागणूक देणं, किंवा ऑफिसात-शाळेत चेहऱ्यावरून भावना ओळखणं (वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण सोडून), आणि ही बंदी २ फेब्रुवारी २०२५ पासून आहे. तो मोठा दंड याच गोष्टींसाठी आहे, साडेतीन कोटी युरो किंवा कंपनीच्या जगभरातल्या उलाढालीच्या ७ टक्के 'पर्यंत', हा 'पर्यंत' मेसेजमधून गायब आहे.

नोकरीसाठी अर्ज छाननी, कर्जासाठी पत तपासणं हे कायद्याच्या भाषेत 'हाय रिस्क' म्हणजे जास्त धोक्याचे वापर, तिथे बंदी नाही पण कडक अटी आहेत, आणि मला ते योग्यच वाटतं, कुणाची नोकरी मशीनवर ठरणार असेल तर माणसाची देखरेख हवीच. चॅटबॉट असेल तर समोर मशीन आहे हे कळलं पाहिजे. स्पॅम फिल्टरसारख्या गोष्टींना जवळपास काहीच नाही.

आणि खासगी कामासाठी वापरणाऱ्या माणसावर या कायद्याच्या जबाबदाऱ्या येतच नाहीत, कलम २ मध्ये स्पष्ट लिहिलंय. प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.