मी मालिका बघत नाही, पण…

हे वाक्य आधी पाठ करा, बाकीचं नंतर बघू. बारसं असो की तेराव्याचं जेवण, पंगतीत टीव्हीचा विषय निघाला की तुमच्या तोंडून पहिलं हेच आलं पाहिजे: 'मी मालिका बघत नाही.' मग जरा थांबायचं, पानातला लाडू मोडायचा आणि म्हणायचं, 'पण…' त्या 'पण'नंतर तुम्ही पाऊण तास बोललात तरी कुणी अडवत नाही. कुठल्या सुनेच्या दुधात कुणी काय कालवलं, तिची जुळी बहीण कुठे लपून बसली आहे, सगळं नावानिशी सांगा. कुणी विचारलंच की तुम्हाला कसं माहीत, तर 'घरात चालू असतं, कानावर पडतं' एवढं पुरतं. तुमचे कान इतके तिखट असतात की कोण कुठल्या रंगाची पैठणी नेसली होती तेही त्यांना ऐकू येतं.

हे ज्ञान माझं नाही. गेल्या महिन्यात या विषयातले एक जाणकार आमच्या घरी येऊन गेले, यांचे मावसभाऊ. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून पेढे घेऊन आले. फोन न करता आले, गुरुवारी, रात्री 8 वाजून 25 मिनिटांनी. ती वेळ लक्षात ठेवा. त्यांनी तासाभरात जे शिकवलं ते तुमच्यापर्यंत पोचवणं माझं कर्तव्य आहे.

मत बनवायला अख्खा भाग बघावा लागतो हा गैरसमज आधी काढून टाका. चपला काढता काढता हॉलमध्ये जेवढं दिसतं तेवढं भरपूर. नेमका त्याच क्षणी गडगडाट होतो, तोच चेहरा तीनदा जवळ येतो आणि तुमचं काम होऊन जातं. एवढ्या भांडवलावर वर्षभर धंदा चालतो.

मालिकेचं नाव माहीत असलं तरी चुकीचंच घ्या.

तर्काचा आग्रह धरा, पण फक्त संध्याकाळी साडेसात ते रात्री साडेनऊ. या बायका झोपताना दागिने का काढत नाहीत? घरात सगळ्यांनी ऐकलेलं त्या एकट्या सुनेलाच कसं ऐकू येत नाही? 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं लांबतच गेलेलं गरोदरपण बोटांवर मोजून दाखवा. ती मालिका 2016 मध्ये संपली तरी हरकत नाही, हा विनोद लोणच्यासारखा आहे, मुरतच जातो. साडेनऊला मात्र सिनेमा लावा. तिथे एकटा हिरो चाळीस जणांना लोळवतो आणि त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही, तेव्हा तर्क खुंटीला टांगायचा.

आवडती मालिका कुठली असं विचारलं तर मराठी नाव तोंडातून निघता कामा नये. कोरियन सांगा. भावजींनी गणपतीच्या सुट्टीत तशी एक मालिका दोन रात्रींत संपवली. 16 भाग, प्रत्येक तासाभराचा. गोष्ट अशी की श्रीमंत घरातला मुलगा, गरीब घरातली मुलगी, मुलाची कजाग आई, मग एक अपघात आणि मुलाची स्मृती जाते. 'काय लिहितात हो हे लोक!' भावजी म्हणाले. मी हो म्हटलं आणि मनात हिशेब केला. आपल्या मालिकेच्या अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता हाती लागतात फार तर 22 मिनिटं. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सव्वादोन तासही भरत नाहीत. भावजींनी दोन रात्रींत जेवढं बघितलं तेवढं बघायला आमच्या सासूबाईंना सात आठवडे लागतात. पण व्यसन सासूबाईंना आहे. भावजी 'कन्टेन्ट' बघतात.

सासूबाईंबद्दल सांगायचं राहिलंच. वय 76. दिवसाला एक मालिका, जास्तीत जास्त दोन. आमच्या घरात सासू-सुनेचा वाद होतो तो फक्त मालिकेतल्या सासू-सुनेवरून, आणि त्यात सासूबाई सुनेच्या बाजूने असतात, मी सासूच्या. 'तिचंही वय झालंय हो,' मी म्हणते. 'वय झालं म्हणून काय चाव्या कमरेला लावून झोपायचं?' सासूबाई म्हणतात.

आता सगळ्यांत हुकमी सूचना. तिचं नाव 'आमच्या वेळचं दूरदर्शन'. हे म्हणताना नजर पंख्याकडे ठेवायची आणि आवाज थोडा खाली आणायचा, म्हणजे वारलेल्या माणसाबद्दल बोलतो तसा. सुरुवात 2 ऑक्टोबर 1972 पासून करा, त्या दिवशी मुंबई केंद्र सुरू झालं. मग प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. मग 'साप्ताहिकी', त्यात पुढच्या आठवड्यात काय लागणार ते सांगायचे आणि तेही आपण कार्यक्रम म्हणून बघायचो. मग 'आमची माती, आमची माणसं', सात पिढ्यांत कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नसताना. हे सगळं छान होतं. मी नाही म्हणत नाही, मलाही अँटेना फिरवायला गच्चीवर पाठवायचे. पण भावजी पुढे म्हणाले, 'तेव्हा असली घरगुती भांडणं नव्हती गं टीव्हीवर. आणि असं लांबवायचे पण नाहीत.'

नव्हती? 'हम लोग' 1984 मध्ये सुरू झाली ती कुटुंबनियोजन शिकवायला. सुरुवातीच्या भागांत उपदेश एवढा होता की लोकांनी नाकं मुरडली. मग उपदेश कमी केला, घरातली भांडणं आणि प्रेमप्रकरणं वाढवली, तेव्हा कुठे देश टीव्हीसमोर बसला. म्हणजे भांडणं तुम्हीच मागितलीत, भावजी. तुमच्या वेळीच. लांबवायचे नाहीत म्हणे! 'रामायण' 52 भागांचं ठरलं होतं, ते 78 वर जाऊन थांबलं. लोकांना हवं होतं म्हणून वाढवलं. तेव्हा वाढवलं ती लोकप्रियता आणि आता वाढवलं की पाणी घातलं?

आणि पाणी घालतातच. कोण नाही म्हणतंय? 'चार दिवस सासूचे' 2001 पासून 2013 पर्यंत चालली, 3000 च्या वर भाग झाले, आणि नावात चार दिवस! हा विनोद मी स्वतः दोनशे वेळा केला असेल. पण पाणी घातलंय हे सगळ्यांत आधी कुणाला कळतं? रोज बघणाऱ्याला. सासूबाई टीव्ही बंद करताना म्हणतात, 'आज पण काही झालं नाही मेलं.' उद्या पुन्हा लावतात, कारण शेजारीण रोज तेच तेच सांगते म्हणून कुणी तिच्याशी बोलणं सोडत नाही. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर गोष्ट वळते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. 'हिचे सीन वाढवलेत, म्हणजे लोकांना आवडलेली दिसते,' हे त्या आमटी ढवळता ढवळता सांगतात. 'आई कुठे काय करते' संध्याकाळी साडेसातची दुपारी अडीचला नेली, त्या दिवशीच त्या म्हणाल्या, 'आता ही संपवणार.' नोव्हेंबर 2024 मध्ये ती संपली. मधले सगळे महिने त्यांनी दुपारची झोप पुढे ढकलली, पण शेवटपर्यंत साथ सोडली नाही. कुठलं पात्र का बिघडलं, कुठल्या नटीला साडी नेसता येत नाही, कुणाच्या रडण्यात ग्लिसरीन दिसतं, यावर त्यांची मतं अशी पक्की आहेत की कुणी समीक्षकाने येऊन वहीत उतरवून घ्यावीत. पण त्यांना कोण विचारतो? मत तुमचं. बघायचं काम त्यांचं.

मालिका बघणारी बाई समोर बसलेली असताना 'या बायकांना ना…' अशी सुरुवात करावी.

मी काही मोठी शहाणी नव्हे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा 'आभाळमाया' नुकतीच सुरू झाली होती. मालिका बघणारी सून म्हणून नाव पडू नये म्हणून मी कादंबरी तोंडासमोर धरून बघायचे. एके रात्री सासूबाई माझ्याकडे न बघताच हळूच म्हणाल्या, 'अगं, पान उलट अधूनमधून.'

आता रिमोट. तोंडाने मत देणं हे नवशिक्यांचं काम, मुरलेला माणूस रिमोट उचलतो. फार विचारायचं नाही. 'बघू गं, स्कोअर काय झालाय' एवढं म्हणता म्हणता बटण दाबलेलं असलं पाहिजे. भावजींनी हे अप्रतिम केलं. त्या गुरुवारी साडेआठला मालिकेतली सून कोर्टात साक्ष द्यायला उभी राहणार होती. चार महिने ती साक्ष लांबली होती. सासूबाईंनी त्या दिवशी जप आधी उरकला, कुकर साडेसातलाच लावला, गुडघ्यांना तेल चोळलं आणि चष्मा पुसून 8 वाजून 20 मिनिटांनी त्या खुर्चीत बसल्या. 25 ला भावजी आले. 'काय गं मावशी, अजून हेच रडगाणं? काहीही हं!' म्हणाले आणि बाजूला बसले. सुनेने शपथ घेतली, वकील उठला, आणि पडद्यावर क्रिकेट आलं.

'बघ, बघ,' सासूबाई म्हणाल्या. 'मी काही बघत नव्हते रे. चालू होतं आपलं.'

त्यांनी चष्मा काढला, घडी करून मांडीवर ठेवला. मग उठून चहा टाकायला गेल्या.

मी पुढे अजून दोन सूचना लिहिणार होते. एक टीव्हीचा आवाज कमी करण्याबद्दल होती, एक त्या बातम्यांच्या वाहिनीबद्दल, जिथे नऊ चौकटींतून नऊ जण ओरडतात, मागे मालिकेतलाच गडगडाट वाजतो आणि त्याला चर्चा म्हणतात. जाऊ द्या. मला आता गंमत करायची इच्छा नाही.

भावजी, तुम्हाला ते 'रामायण' आठवतं ना? तुम्हीच त्या दिवशी सांगत होतात, 1987 साल, रविवारची सकाळ, रस्ते ओस, आणि डोंबिवलीच्या चाळीत मावशीच्या खोलीत तीस माणसं. तुम्ही नऊ वर्षांचे. टीव्हीच्या अगदी पुढ्यात, मांडी घालून. हातात पोह्यांची बशी. ती बशी कुठून आली? तीस माणसांचे पोहे आणि तीस कप चहा त्या खोलीत आपोआप व्हायचा का? सासूबाईंनी मला एकदा सांगितलंय, त्यांनी ते रामायण बघितलंच नाही. ऐकलं. स्टोव्हचा आवाज कमी झाला की ऐकू यायचं. सीतेने अग्निपरीक्षा दिली तेव्हा त्या कपबशा विसळत होत्या. तुमच्या त्या सोन्यासारख्या वेळी टीव्हीपुढे त्यांना जागा नव्हती, कारण तिथे तुम्ही बसला होतात. पुढे वीस वर्षं रिमोट सासऱ्यांकडे होता. मग मुलांच्या परीक्षा, मग नातवंडांची कार्टून. 70 व्या वर्षी त्यांच्या हातात रिमोट आला. दिवसातला अर्धा तास. त्यातली 22 मिनिटं.

आणि ती तुम्ही काढून घेतलीत, वर पेढे दिलेत.

मला मालिकेशी देणंघेणं नाही. ती भिकार असेल. बहुतेक आहेच, उद्या सासूबाई स्वतः सांगतील तुम्हाला, का भिकार आहे ते मुद्देसूद सांगतील, कधी विचारून तर बघा. पण 76 वर्षांच्या बाईला स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत 'मी बघत नव्हते' असं खोटं बोलायला लावलंत. चोरी पकडल्यासारखा तो चष्मा काढला त्यांनी. लाज वाटायला हवी होती. तुम्हाला, यांना, आणि मलाही, कारण मी तेव्हा ओट्याशी उभी राहून पाव्हण्यांचा मान म्हणून गप्प बसले. सामना तर तुम्ही धड बघितलाही नाहीत, सगळा वेळ मोबाइलवरच होतात.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना तो भाग मोबाइलवर लावून देते म्हटलं. 'राहू दे गं, कळलं काय झालं ते, शेजारच्यांनी सांगितलं,' म्हणाल्या. आणि आता साडेआठला त्या आवाज इतका कमी ठेवतात की त्यांनाच ऐकू येत नाही. दाराची बेल वाजली की आधी रिमोटकडे हात जातो.

तर भावजी, दिवाळीला याल तेव्हा आठच्या आत या, नाहीतर नऊनंतर. मध्येच आलात तर दार मी उघडेन, सासूबाई उठणार नाहीत. पेढे चपलांच्या कपाटावर ठेवायचे, हॉलमध्ये यायचं आणि जमिनीवर बसायचं, टीव्हीच्या पुढ्यात, मांडी घालून, 87 साली बसला होतात तसं. पोहे मिळणार नाहीत. आणि भाग संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.