स्क्रिप्ट तीन दिवस आधी द्या ना

परवा एक प्रयोग बघून आले तेव्हापासून डोक्यात चालूये म्हणून लिहितेय. नाटकात ऑटिस्टिक मुलगा होता, करणारा नट मेहनती, पण तेच ते, मान वाकडी, बोटं सतत हलती, नजर छताला, आणि बाहेर चहाच्या टपरीवर सगळे 'काय अभ्यास केलाय यार!' अरे पण कोणाचा अभ्यास? आमच्यातल्या एकाला तरी तालमीला बोलावलंत का?

मी ऑटिस्टिक आहे, निदान एकतिसाव्या वर्षी झालं. त्याच्या कितीतरी आधी कॉलेजात पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, केलं, रोज तोच प्रवेश, तीच जागा, तीच वाक्यं, मला तर ते स्वर्गच होतं, माझं पाठांतर सगळ्यात आधी व्हायचं आणि बाकीच्यांचीही वाक्यं मला यायची. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विंगेत तिसरी घंटा ऐकली की डोक्यातला कल्ला बंद व्हायचा.

मग एका व्यावसायिक नाटकात रिप्लेसमेंटला गेले. पानं हातात दिली की 'हं, वाच लगेच'. दौऱ्यावर थिएटर बदललं की मूव्हमेंट बदलणार, ते मला कळणार एंट्रीच्या दोन मिनिटं आधी, कुजबुजत. एकदा न सांगता स्ट्रोब, म्हणजे भराभर उघडझाप करणारा लाईट, लावला, मी गोठले, वाक्य गेलं. 'हिला प्रेशर झेपत नाही' म्हणून काढलं. भरलेल्या थिएटरचं प्रेशर मला कधीच जड गेलं नाही हो, न सांगता बदललेला लाईट जड गेला.

ऑस्ट्रेलियात जिलाँगला बॅक टू बॅक थिएटर आहे, १९८७ पासून. बौद्धिक अपंगत्व असलेले, न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ऑटिझम-डिस्लेक्सियासारखं ज्यांचं डोकं वेगळ्या पद्धतीने चालतं असे नट तिथे स्वतः नाटकं घडवतात, पगारी काम करतात, २०२२ चं आंतरराष्ट्रीय इब्सेन अवॉर्ड त्यांना मिळालं. ते काय कोणी दया म्हणून देत नाही. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, डिस्लेक्सिया (वाचन-लेखन अवघड जाणं) पण येतो, सांस्कृतिक जीवनात बरोबरीने भाग घेता यावा असं कलम २९ मध्ये लिहिलंय, पण ते तालमीच्या हॉलपर्यंत आलेलंच नाही.

आणि मागणं काय तर ऑडिशनची पानं तीन दिवस आधी पाठवा, बदललेली मूव्हमेंट ग्रुपवर लिहून टाका, नवा लाईट-साउंड एकदा दाखवा, विंगेमागे एक शांत कोपरा ठेवा. पैसे किती लागतात याला? आणि भूमिका फक्त ऑटिस्टिक माणसाचीच नको, वकील द्या, सासू द्या, खुनी द्या.

सध्या कोणाचं कास्टिंग चालू असेल तर मेसेज करा. पाठ करून येते.