गप्प बसणारी पाणबुडी

इंदुरात गप्प बसणारा माणूस सापडणं कठीण. सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर नुसती प्लेट धरून उभं राहावं, तर शेजारचा अनोळखी गृहस्थ आधी जीरावन जरा जास्त टाकायला सांगतो आणि जिलेबी हातात येईपर्यंत मेट्रो, सून आणि शेअर बाजार या तिन्हींवर निकाल देऊन मोकळा होतो. अशा गावात राहून माझी रोजची गाठ ज्याच्याशी पडते, त्याने मात्र तोंडातून चकार शब्द काढू नये!

त्याचं नाव यू-बूट. छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाला वीज मिळाली की लिनक्सच्या आधी उठून रॅम, घड्याळं, कार्ड वगैरे मांडामांड करणारा हा बूटलोडर. वोल्फगांग डेंक या जर्मन गृहस्थांच्या पीपीसीबूटमधून तो निघाला आणि २००२ साली त्याचं हे नाव पडलं. जर्मनमध्ये यू-बूट म्हणजे पाणबुडी. नाव ठेवणाऱ्याला पुढचं सगळं दिसत असावं. पाण्याखाली जाते, आवाज करत नाही, आणि वर आली नाही तर कुठे बुडाली तेही कळत नाही.

या पाणबुडीत एखादा ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारा कोड, चालू करायचा तर चार जणांची संमती लागते: कॉन्फिगची (कोडाचे कोणते भाग बांधायचे ती यादी), डिव्हाइस ट्रीची (बोर्डावरच्या उपकरणांचं वर्णन), ‘कम्पॅटिबल’ नावाच्या एका ओळीची, आणि शेवटी ज्याला त्या उपकरणाची गरज आहे त्याची. चौघांपैकी एकानेही मान हलवली नाही तर काय होतं? काहीच होत नाही. तीच तर पंचाईत. ‘तुमचं काम होणार नाही’ असं सरकारी कचेरीतसुद्धा तोंडावर सांगतात हो.

यू-बूट जे थोडंफार बोलतो ते सीरियल केबलवरून आपल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर येतं, म्हणून आधी तारा. उदाहरणाला बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड घेऊ. त्याच्यावर जे-१ नावाची सहा पिनांची पट्टी आहे. पिन १ ग्राउंड, पिन ४ बोर्डाचं आरएक्स (ऐकणारं), पिन ५ टीएक्स (बोलणारं). केबलचं टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला, अशी फुलीची जोडणी. तिसरी तार ग्राउंडची. केबलची चौथी, लाल तार पाच व्होल्टची असते; तिला टेप गुंडाळून लांब ठेवायचं. सिग्नल ३.३ व्होल्टचा हवा. महाराणी रोडच्या बाजारात केबल मागितली की उत्तर ठरलेलं: “सब चलेगा भिया.” सगळं चालत नाही. पाच व्होल्टवाली लावली तर पिन जळते, आणि तीही बिनबोभाट.

वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. एवढं करून पडद्यावर अक्षरं दिसतात, पण कीबोर्ड दाबून काही उमटत नाही, असं झालं तर बोर्डाला शिव्या देऊ नयेत. केबलवरचं बोलणं दाखवणाऱ्या मिनिकॉम या प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल (जादा तारांवरून चालणारं ‘थांब-चल’) मुळातच चालू असतं आणि आपल्याकडे तारा तीनच. कंट्रोल-ए, मग ओ, सीरियल पोर्ट सेटअप, एफ. झालं. या एका ‘एफ’पायी माणसांनी चांगल्या केबली फेकून दिल्या आहेत.

बांधकामाला, म्हणजे कोडापासून यू-बूट तयार करायला, फारसं काही नाही. बायसन, फ्लेक्स, स्विग, ओपनएसएसएलच्या हेडर फायली आणि क्रॉस कंपायलर (आपल्या कॉम्प्युटरवर बसून बोर्डासाठीचा कोड तयार करणारा) एवढं टाकलं की पुरे. क्रॉस_कंपाइलमध्ये कंपायलरच्या नावाचा सुरुवातीचा भाग शेवटच्या आडव्या रेघेसकट लिहायचा. मग ‘मेक एएम३३५एक्स_ईव्हीएम_डेफकॉन्फिग’, म्हणजे या बोर्डाची तयार मांडणी, आणि मग ‘मेक मेनूकॉन्फिग’, म्हणजे तिच्यात फेरफार करायची यादी.

खरा खेळ इथे. समजा इथरनेटच्या फिजिकल चिपचा, म्हणजे फायचा, ड्रायव्हर हवा आहे. बीगलबोन ब्लॅकवर एसएमएससीची लॅन८७१० आहे, तेव्हा ओळ ‘कॉन्फिग_फाय_एसएमएससी=वाय’. माणूस उत्साहाने ती डेफकॉन्फिग फायलीत हाताने टाकतो, मेक करतो, एकही चूक येत नाही, बोर्डावर चढवतो, आणि फायचा पत्ता नाही. कारण ही ओळ ‘फायलिब’वर अवलंबून, फायलिब ‘नेट’वर. वरचं एखादं बंद असेल तर या ओळींचा हिशेब ठेवणारा केकॉन्फिग आपली ओळ वाचतो, विचारात घेतो, आणि अलगद गाळून टाकतो. सांगत नाही. लग्नाच्या यादीतून चुलतघराणं गळतं ना, तसं: आहेर करायला गेल्यावर कळतं.

म्हणून मेक झाल्यावर पहिलं काम कोणतं, तर जी ‘.कॉन्फिग’ फाइल तयार होते तिच्यात आपली ओळ खरंच आहे का ते ग्रेपने शोधून बघणं. ‘इज नॉट सेट’ दिसलं किंवा ओळच नसली, तर मेनूकॉन्फिगमध्ये तिरपी रेघ दाबून नाव शोधायचं. तिथे ‘डिपेंड्स ऑन’पुढे प्रत्येक अटीच्या शेजारी वाय की एन ते लिहिलेलं असतं. जिथे एन, तिथे घोडं पेंड खातंय. सगळं जमलं की ‘मेक सेव्हडेफकॉन्फिग’ करायचं. त्यातून निघणारी छोटी डेफकॉन्फिग फाइल कॉन्फिग्ज फोल्डरात नेऊन ठेवायची. पूर्ण ‘.कॉन्फिग’ तिथे नेऊन आदळणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, चहा पाजून वाटेला लावतो.

आणि हेडर फायलीत ‘डिफाइन’ लिहून कॉन्फिग चालू करायचा सल्ला कोणी दिला, तर तो २०१४ च्या आधीचा समजावा. त्या वर्षी केकॉन्फिग आलं आणि नवा ड्रायव्हर मॉडेलही. तेव्हाची पानं अजून इंटरनेटवर ताजी दिसतात, रात्रीच्या सराफा बाजारातल्या तळणासारखी.

दुसरी गंमत ‘एसपीएल’ची. मुख्य यू-बूटच्या आधी धावणारा हा त्याचा धाकटा भाऊ. याचे कॉन्फिग वेगळे. ‘कॉन्फिग_एमएमसी’ चालू केलं म्हणून एसपीएलला कार्ड दिसेल असं नाही. त्याच्यासाठी ‘कॉन्फिग_एसपीएल_एमएमसी’ वेगळं. इंदूरकरांना हे समजायला हवं. आपल्याकडे कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि तिला सहा कप्पे असतात. केळीचं साल सुक्याच्या कप्प्यात टाकून बघा. फरक इतकाच, की गाडीवरचा माणूस ओरडतो. यू-बूटमध्ये कोडातही तेच: ‘इज_एनेबल्ड’ हे नुसत्या मुख्य नावाकडे बघतं, आणि ‘कॉन्फिग_इज_एनेबल्ड’ हे आत्ता कोणता टप्पा बांधला जातोय ते पाहून उत्तर देतं. दोन नावांत फरक केवढा, आणि त्यापायी जागरणं किती.

एसपीएलमध्ये भसाभस ड्रायव्हर भरता येत नाहीत. बीगलबोनच्या एएम३३५एक्स चिपमध्ये बूट रॉम (चिपमध्येच कोरलेला पहिला कोड) जास्तीत जास्त १०९ केबीची प्रतिमा आतल्या छोट्या मेमरीत, एसरॅममध्ये, उतरवून घेतो. १०९ केबी म्हणजे रामबागेतल्या जुन्या वाड्यातली खोली: पलंग टाकला तर कपाट नाही. यूएसबी, नेटवर्क आणि फाइल सिस्टीम तिन्ही हवेत म्हटलं की कोडाचे तुकडे जोडणारा लिंकर ‘ओव्हरफ्लोड’ म्हणून किती बाइट बाहेर लटकताहेत ते आकड्यानिशी सांगतो. या सगळ्या प्रवासात स्पष्ट बोलणारा तो एकटाच. मला तो आवडतो.

आता डिव्हाइस ट्री. उपकरण कुठल्या पत्त्यावर आहे, कुठल्या घड्याळावर चालतं, हे सगळं तिथे. त्यात ‘कम्पॅटिबल’ नावाची ओळ असते आणि ड्रायव्हरच्या कोडात तशीच एक यादी. दोन्ही अक्षरशः जुळल्या तर ड्रायव्हर त्या उपकरणाला बांधला जातो. एका ठिकाणी आडवी रेघ आणि दुसरीकडे खालची रेघ, की सोयरीक मोडली. पत्रिका न जुळल्याचं पत्रही येत नाही. ते वाचायचं असेल तर ड्रायव्हर्स-कोअर फोल्डरातल्या लिस्ट्स.सी फायलीत सगळ्यात वर ‘डिफाइन लॉग_डीबग’ लिहून पुन्हा बांधावं लागतं. शिवाय ‘स्टेटस’ हा गुण ‘ओके’ हवा, आणि तो ओ-के-ए-वाय असा चार अक्षरी. दोन अक्षरी ओके यू-बूटला पसंत नाही.

एसपीएलच्या डिव्हाइस ट्रीतून तर अनावश्यक वाटणारे नोड, म्हणजे उपकरणांच्या नोंदी, कापूनच टाकले जातात. राहायचं असेल तर नोडवर ‘बूटपीएच-ऑल’ किंवा ‘बूटपीएच-प्री-रॅम’ असा शिक्का लागतो. २०२३ च्या आधी या शिक्क्यांची नावं वेगळी होती, ‘यू-बूट’ने सुरू होणारी. जुन्या फायलीतून नकलून घेताना तेवढं बदलायचं.

एवढं होऊनही उपकरण चालू झालेलं नसतंच. ड्रायव्हर मॉडेलमध्ये ‘बाइंड’ वेगळं आणि ‘प्रोब’ वेगळं. बाइंड झालेला ड्रायव्हर म्हणजे दिवाळसणाला आलेला जावई. घरात आहे, सगळ्यांना माहीत आहे, पण “चला, पान वाढलंय” म्हटल्याशिवाय जागचा हलणार नाही. कोणीतरी त्या उपकरणाकडे काम मागितलं की मगच प्रोब धावतो. प्रॉम्प्टवर ‘डीएम ट्री’ असा हुकूम दिला की सगळी मंडळी दिसतात. ज्यांच्यापुढे अधिकचं चिन्ह आहे ते उठलेले, बाकीचे बसलेले. तेव्हा ट्रीत नाव असून अधिक नाही म्हणून कोड उकरत बसू नये, आधी त्याला हाक मारून बघावी. नावच नसेल तर मात्र वरच्या तिघांपैकी कोणीतरी नाही म्हटलंय.

सगळ्यात अवघड प्रकार रिलोकेशन. इंदुराबाहेरच्या माणसाला हे समजावताना माझी दमछाक होते, इंदूरकराला एका वाक्यात सांगता येतं: सराफा. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं. रात्री शटर पडली की त्याच ओटल्यांपुढे भुट्ट्याचा कीस, साबुदाणा खिचडी आणि थंडीत गराडू. जागा एक, माणसं वेगळी. यू-बूटचंही तेच. पहिल्या अंकात थोडकी मंडळी घेऊन तो मिळेल त्या जागेत चालतो, मग स्वतःचीच प्रत काढून रॅमच्या वरच्या टोकाला नेतो आणि तिथे ड्रायव्हर मॉडेल पहिल्यापासून पुन्हा मांडतो. पहिल्या अंकात एखाद्या स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये काही लिहून ठेवलंत, तर ते सोनाराच्या गल्ल्यात ठेवलेली चिठ्ठी रात्री गराडूवाल्याकडे मागण्यासारखं आहे. बऱ्याच बोर्डांवर तर त्या वेळी बीएसएसच्या (अशा व्हेरिएबलांसाठी राखलेल्या) जागेवर डिव्हाइस ट्रीच बसलेली असते. तुम्ही लिहिता एक आकडा आणि पुसता भलत्याचाच पत्ता. जपून ठेवायचं ते ‘जीडी’मध्ये, म्हणजे दोन्ही अंकांत टिकणाऱ्या ग्लोबल डेटात.

या पहिल्या अंकाचा हीपही (मागेल तशी वाटायची मेमरी) बेताचा, ‘सिस_मॅलॉक_एफ_लेन’ने ठरलेला, एखाद्या बोर्डावर १ केबी तर एखाद्यावर ८. शिक्के उदारपणे वाटले की तो संपतो आणि उणे १२ येतं, म्हणजे मेमरी नाही. उणे १९ म्हणजे उपकरण नाही, उणे २२ म्हणजे तुम्ही दिलेलं काहीतरी चूक. त्यापुढे ‘प्लीज रीसेट द बोर्ड’ अशी नम्र विनंती. पण हे कळायला कन्सोल, म्हणजे तीच सीरियल तार, हवा, आणि कन्सोलचा ड्रायव्हरच उठला नसेल तर विनंतीही मनातल्या मनात.

त्यावर तोडगा ‘डीबग यूएआरटी’ (यूएआरटी म्हणजे सीरियल तारेवर बोलणारा चिपचा भाग). ड्रायव्हर मॉडेलच्या आधी, कुणाच्या संमतीशिवाय बोलणारा. त्याला आधार-पत्ता आणि घड्याळ सांगावं लागतं: या चिपच्या यूएआरटी-० चं घड्याळ ४८ मेगाहर्ट्झ. ४८०००००० ला १६ गुणिले ११५२०० ने भागलं की सुमारे २६ हा भाजक येतो. चुकून २४ मेगाहर्ट्झ लिहिलंत तर भाजक १३ पडतो, वेग दुप्पट होतो आणि पडद्यावर प्रश्नचिन्हं आणि पत्त्यांतले इस्पिक-बदाम उमटतात. त्याच्या आधी पिनमक्स (कोणती पिन कुठल्या कामाला ते ठरवणं) आणि यूएआरटीचं घड्याळही कोणीतरी चालू केलेलं हवं, नाहीतर पुन्हा पाणबुडी.

कार्डावर एमएलओ (म्हणजे एसपीएल) आणि यू-बूट.आयएमजी (म्हणजे मुख्य यू-बूट) टाका, ‘सिंक’ करा, मग काढा. बोर्डावरच्या ईएमएमसी मेमरीऐवजी कार्डावरून उठवायला एस-२ बटण धरून वीज द्यायची. रीसेट दाबून भागत नाही, कारण त्या पिना वीज येतानाच वाचल्या जातात. बटण दाबून तासभर जुनंच यू-बूट न्याहाळणारे लोक असतात. आवृत्तीशेजारची बांधणीची तारीख आणि वेळ आधी बघावी.

फाय दिसतोय का हे ‘एमआयआय इन्फो’ सांगतो. सगळीकडे एफएफएफएफ वाचलं गेलं तर तारेवर कोणी नाही: पत्ता चुकला किंवा फाय अजून रीसेटमध्ये आहे. गिगाबिटवाल्या बोर्डांवर आणखी एक त्रास आहे. चिप आणि फाय यांना जोडणाऱ्या आरजीएमआयआयचं घड्याळ १२५ मेगाहर्ट्झ, म्हणजे फेरा ८ नॅनोसेकंदांचा. दोन्ही कडांवर डेटा, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला ४. घड्याळाची कड मधोमध यावी यासाठी २ नॅनोसेकंदांचा मुद्दाम उशीर करतात. तो उशीर फायने करायचा तर ‘आरजीएमआयआय-आयडी’, नाहीतर नुसतं ‘आरजीएमआयआय’. चिप आणि फाय दोघांनी केला की कड पुन्हा काठावर. लिंकचा दिवा हिरवागार, पिंग शून्य. मुहूर्ताला दोन्ही पक्षांनी उशीर केला तर असंच होतं, मांडव मात्र झगमगत असतो.

आणि एके क्षणी पिंगचं उत्तर म्हणून पडद्यावर येतं: होस्ट इज अलाइव्ह. शेजारच्या काकू खिडकीतून विचारतात, “काय रे, बोललं का तुझं यंत्र?”

“बोललं, काकू.”

मग दोन सेकंदांची उलटी मोजणी, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रॅममध्ये उतरतो, ‘स्टार्टिंग कर्नल’ अशी ओळ येते आणि पुढे तीन टिंबं. त्यापुढे काही नाही. कर्नलला दिलेल्या सूचनांत, म्हणजे बूटआर्ग्जमध्ये, कन्सोलचं नाव ‘टीटीवायओ०’ राहिलेलं असतं, जुन्या कर्नलांचं, ज्यात आधी इंग्रजी ओ आणि मग शून्य. नव्यांना ‘टीटीवायएस०’ लागतं. कर्नल तिकडे मजेत उठलेला असतो. बोलत तेवढा नसतो.