राग कुठे काढावा: एक खान्देशी मार्गदर्शन

आधी राग गिळायला शिका. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. बोर्डावर जाहीर झालेला भाव एक, अन् व्यापारी बांधावर येऊन सांगतो तो दुसराच. वर म्हणतो, "माल हलका आहे भाऊ." अशा वेळी हसायचं, चहा विचारायचा. आत ॲड्रेनलिन उसळतं, रक्तदाब चढतो, पण ते कुठे कुणाला दिसतंय?

ग्रॉस आणि लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात लोकांना सिनेमाचे तुकडे दाखवले आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, असं बजावलं. चेहरे कोरे राहिले, शरीरावरचा ताण मात्र वाढला. भावना दाबताना समोरचं नीट लक्षातही राहत नाही, असं ग्रॉस यांच्या पुढच्या प्रयोगांत दिसलं. बरंच झालं! भाव नेमका कितीनं पाडला, ते संध्याकाळी आठवायला नको.

आता तो राग घरी आणा. त्याला एसटीचं तिकीट लागत नाही. शेवभाजीचं ताट असं सरकवा, की रस्सा भाकरीखाली शिरला पाहिजे. पोरगं अभ्यास करत असेल तर "का करत नाहीस?" आणि करत नसेल तरी तेच.

वाफ काढली की माणूस मोकळा होतो, असं पारावर सांगतात. ब्रॅड बुशमन या अमेरिकी संशोधकानं २००२ साली चिडलेल्यांना, ज्यानं चिडवलं त्याचा विचार करत पिशवीवर ठोसे मारायला लावले. ते आणखीच चिडले. २०२४ साली दीडशेवर अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा राग उतरला तो संथ श्वासानं, ध्यानानं. पण श्वास पडला फुकटचा, त्याला कोण विचारतो?

भडक्यानंतरच्या दोन तासांत हार्ट अटॅकचा धोका वाढतो. म्हणून दवाखाना उघडा असतानाच भांडा.

भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकला, की सगळं उन्हावर ढकलता येतं. जानेवारीसाठी वेगळं कारण शोधून ठेवा.

घरच्या बाईनं मात्र रागवायचं नाही. भरताच्या हिरव्या मिरच्या ठेचताना ती चार घाव जास्त घालते, तिकडे लक्ष देऊ नका. विचारलंत तर "काही नाही" म्हणेल आणि हसेल. सकाळी बांधावर तुम्ही हसला होतात, अगदी तसंच. ठसका लागला तर ताक मागा.