स्टेरॉइड लागू पडत नाही, म्हणजे शरीराला त्याची ‘सवय’ झाली असे नव्हे

दमा, संधिवात किंवा आतड्याची सूज असलेल्या रुग्णाला स्टेरॉइडने आराम पडत नसेल, तर त्याच्या शरीराला औषधाची सवय झालेली असते आणि त्याने मात्रा दुप्पट करावी, नाहीतर गोळ्या एकदम बंद कराव्यात, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यांबाहेर थांबलेल्या नातेवाइकांच्या तोंडीही मी तो ऐकला, म्हणून हे उत्तर.

सवयीचे म्हणणे पहिल्याच प्रश्नाला टिकत नाही. साऱ्या शरीरालाच सवय झाली असती, तर दुष्परिणामही थांबले असते. प्रत्यक्षात अशा रुग्णाचा चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे झिजतात आणि मूळ आजार मात्र तसाच राहतो. म्हणजे अडचण बहुधा सुजलेल्या भागातल्या पेशींत असते. स्टेरॉइड पेशीत शिरून आपल्या ग्राहक प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटते, ती जोडी केंद्रकात जाते आणि सूज वाढवणारी जनुके बंद करते. या कामी एचडीएसी-2 नावाचे विकर (एन्झाइम) लागते. बिडी-सिगारेटच्या धुराने ते दुबळे होते, आणि धूम्रपान करणाऱ्या दमेकऱ्यांना स्टेरॉइडचा गुण कमी येण्याचे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. शिवाय कित्येकांना पहिल्या दिवसापासूनच गुण येत नाही. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिने वाहून जाण्याचा आजार, असलेल्या काही मुलांत मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पोडोसिन या प्रथिनाचे जनुकच सदोष असते; तिथे सवय लागायला वेळ तरी कुठे मिळाला?

मात्रा दुप्पट करण्याचा सल्ला अधिक घातक आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याच्या आजाराच्या, तीव्र झटक्यात सुमारे एक तृतीयांश रुग्णांना शिरेतून दिलेले स्टेरॉइडही पुरे पडत नाही, आणि तेव्हा मात्रा वाढवत न बसता तिसऱ्या दिवसाच्या सुमारास इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन ही दुसरी औषधे किंवा शस्त्रक्रिया यांचा निर्णय घ्यावा लागतो. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) ज्यांचे डोळे आणि जबडे नेले, त्यांच्यात अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड यांची सांगड किती वेळा होती, हे नागपूरकरांना नव्याने सांगायला नको.

एकदम बंद करणे तर प्राणावर बेतू शकते, कारण काही आठवडे गोळ्या घेतल्यावर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणे मंदावतात.

स्टेरॉइड निकामी ठरवण्याआधी साध्या गोष्टी तपासाव्यात. इन्हेलर नीट ओढला जातो का? बहुतेक दाबयुक्त इन्हेलर 30 अंशांखाली ठेवायचे असतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीत ते पडून राहतात. रुग्ण क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन घेतो का, हेही विचारावे, कारण त्यामुळे यकृत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा निचरा लवकर करते. तिथे मात्रा वाढवावी लागू शकते हे खरे आहे. परंतु ती डॉक्टरांनी, दोन्ही औषधांच्या चिठ्ठ्या समोर ठेवून वाढवायची असते, आणि रिफाम्पिसिन संपल्यावर आठवणीने कमीही करायची असते.